आडनावाचा रकाना

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरविला. भाषा मराठी, लिपी देवनागरी, आणि विस्तार एवढा की वाचणाऱ्याने भिंतीच्या कडेकडेने चालत राहावे. कोण कोणाचा पुत्र, कोणी कोणता मुलूख मिळविला, कोणाच्या मागून कोण गादीवर बसला, हे सारे त्या दगडावर नोंदलेले आहे. आपण कोण आहोत हे जगाला सांगण्याची याहून भक्कम तजवीज क्वचितच कोणी केली असेल. त्याच गावात, त्या घराण्याच्या आश्रयाने येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतला एखादा तरुण आज परदेशी निघतो, तेव्हा त्याच्या पारपत्रातला एक रकाना पुष्कळदा मोकळा असतो. तो रकाना आडनावाचा.

हा मोकळा रकाना वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो एकाएकी आला. संयुक्त अरब अमिरातींच्या सरकारने विमान कंपन्यांना कळविले की, ज्या प्रवाशाच्या पारपत्रावर एकच नाव आहे, म्हणजे नाव आहे पण आडनाव नाही, किंवा आडनावाच्या जागी काही आहे पण नावाची जागा कोरी आहे, अशा प्रवाशास भेटीच्या परवान्यावर देशात प्रवेश मिळणार नाही. तेथे वास्तव्याचा परवाना ज्यांच्यापाशी आधीच होता त्यांना काही सवलत होती. पण मुलाकडे निघालेली आई, नोकरीच्या शोधात निघालेला पदवीधर, बहिणीच्या बाळंतपणाला निघालेली मावशी, ही मंडळी भेटीच्या परवान्यावरच जातात. थोड्याच दिवसांत खुलासा आला की, पारपत्राच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव छापलेले असेल तर ते दुसरे नाव म्हणून धरले जाईल. भारतीय पारपत्राच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव असतेच, त्यामुळे बहुतेकांची सुटका झाली. तरी हा प्रश्न तेवढ्यावर मिटला असे समजणे भाबडेपणाचे होईल.

याचे कारण असे की, हल्ली प्रवेशाचा निर्णय परदेशच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावर होत नाही. तो निघण्याच्या जागीच होतो. प्रवाशाचे नाव, जन्मतारीख आणि पारपत्राचा क्रमांक ही माहिती विमान सुटण्यापूर्वी पलीकडच्या देशाकडे पोहोचते. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो, शिवाय पुष्कळ देशांत दंडही होतो. त्यामुळे खिडकीमागे बसलेला कंपनीचा नोकर कोणत्याही सरकारचा अधिकारी नसूनही सरहद्दीचा पहिला पहारेकरी झाला आहे. तंजावरला हवाई दलाचा तळ आहे, पण परदेशी जाणाऱ्याला पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरचे तिरुचिरापल्ली गाठावे लागते. अमिरातींची सरहद्द कोठे आहे असे तंजावरच्या माणसाला विचारले, तर तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर, असे उत्तर त्याने दिल्यास ते चूक म्हणता येणार नाही.

आता हे आडनाव गेले कोठे? तमिळ प्रदेशात आडनावाची चाल नाही. माणसाचे नाव एक. त्यापुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, कधी त्याच्याही आधी गावाचे. या रीतीला सामाजिक अर्थही आहे. १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने नावाला चिकटलेली जातिवाचक पदे टाकून देण्याचा पुकारा केला, आणि पुढे असंख्य लोकांनी ती टाकली. म्हणजे तेथला मोकळा रकाना पुष्कळदा विसरलेला नसून जाणूनबुजून मोकळा केलेला आहे. दूरदेशीच्या कचेरीत नियम लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि नियम तर त्यालाच लिहावयाचा असतो.

तंजावरची मराठी मंडळी याच रिवाजात मिसळून गेली. महाराष्ट्राला या रिवाजाचा परिचय एका थोर माणसाच्या नावातून पूर्वीच झालेला आहे, मात्र तो फारसा कोणाच्या ध्यानी आलेला दिसत नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावरच्या मराठी कुटुंबात जन्मले. सयाजीराव गायकवाडांच्या लहानपणी बडोद्याचा कारभार त्यांच्या हाती होता. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे कोण, असे बडोद्यात कितीजणांना विचारता आले असते? तो ‘टी’ म्हणजे तंजावर. पारपत्राच्या आजच्या अर्जात आद्याक्षरे चालत नाहीत, ती विस्तारून लिहावी लागतात. अर्ज भरावयाचा तर दिवाणसाहेबांना आपले गावच नावाच्या रकान्यात बसवावे लागले असते.

याहून नाजूक गोष्ट ‘राव’ या दोन अक्षरांची. मराठीत माधवराव हा एक शब्द आहे. ‘राव’ हे आदराचे पद, नावाला जोडून येणारे. शेजारचे तमिळ लोक या मंडळींना ‘रायर’ म्हणतात, त्यातही आदरच आहे. पण इंग्रजी लिखाणात ‘माधव’ आणि ‘राव’ यांच्यामध्ये मोकळी जागा पडली, आणि ते आदराचे पद पाहता पाहता आडनाव होऊन बसले. ज्या घरात ते तोडून लिहिले गेले त्या घरातल्या माणसाला दोन नावे मिळाली व तो नियमातून पार झाला. ज्या घरात जोडून लिहिले त्याला एकच नाव, आणि तो अडला. भाऊ भाऊ असूनही एकाच्या दाखल्यावर ती जागा असावी आणि दुसऱ्याच्या नसावी, हे शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांच्या लेखणीवर अवलंबून. स्त्रियांची कथा आणखी निराळी. पुरुषाला जसे ‘राव’ तसे स्त्रीला ‘बाई’. इंग्रजीत तेही तुटले, आणि नवऱ्याचे आडनाव राव, बायकोचे बाई, मुलाचे राव, मुलीचे बाई, अशी चार माणसांच्या एका घरात दोन आडनावांची कुटुंबे तयार झाली. लहान मुलाला घेऊन निघालेल्या आईला, ‘हे मूल तुमचेच कशावरून?’ असे परक्या खिडकीत विचारले गेले, तर ‘बाई’ हे आडनाव नव्हे हे ती कोणत्या भाषेत समजावणार?

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल की आडनाव टाकल्याचे हे फळ. पण जुने दप्तर उघडावे. शिवछत्रपतींचे प्रधान मोरो त्रिंबक, अण्णाजी दत्तो, रामचंद्र नीलकंठ. पेशव्यांच्या शिक्क्यांवर बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ. आपले नाव आणि बापाचे नाव, एवढ्यावर राज्यकारभार चालत असे. पिंगळे, भट ही उपनावे घरात होती, पण सहीला त्यांची गरज पडत नसे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांच्या मागून मराठी माणसे कावेरीकाठी आली ती हीच रीत घेऊन. इकडे पुढे शाळा, कचेऱ्या आणि जमिनीचे उतारे यांनी आडनाव पक्के केले. तिकडे तमिळ वळणामुळे जुनी रीत टिकली, एवढेच. गमतीची गोष्ट अशी की मोरो त्रिंबक यांना २०२२ च्या त्या नियमाने अडविले नसते.

प्रवासाला परवाना लागणे हेही नवे नाही. मराठी राज्यात दस्तक होते, राहदारीचे परवाने होते. समुद्रावर कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय गलबत सुखरूप जात नसे. १८२० साली सरफोजीराजे काशीयात्रेस निघाले तेव्हा बरोबर सुमारे तीन हजार माणसांचा परिवार होता. तेथे ओळख लवाजमाच सांगत होता. सामान्य माणसाच्या हाती पारपत्राची आजच्यासारखी पुस्तिका आली ती पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या पॅरिस परिषदेने तिचे रूप ठरविल्यावर. जुन्या तंजावर जिल्ह्यातले नागपट्टणम हे त्या काळी परदेशाचे दार होते. ‘राजुला’ आगबोट तेथून पिनांग आणि सिंगापूरला जात असे, ती १९७३ पर्यंत. आगबोटीचा प्रवास कित्येक दिवसांचा; नावात काही घोळ असला तर तो सांगावयाला आणि ऐकावयाला माणसे होती, सवडही होती. यंत्राला सवड नसते. १९८० पासून पारपत्रावर यंत्राने वाचावयाच्या ओळी आल्या. पुस्तिकेच्या त्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकीत चव्वेचाळीस घरे, आणि त्यांपैकी नावासाठी एकोणचाळीस. आधी मुख्य नाव, मग दोन बाणासारख्या खुणा, मग उरलेले नाव. या ओळी कशा असाव्यात हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरविले, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या संघटनेने एकाच नावाच्या माणसाचा विचार केलेला आहे. ज्याच्या नावाचे दोन भाग पडत नाहीत त्याचे सारे नाव मुख्य नावाच्या जागी लिहावे, असे तिचा नियम सांगतो. तेव्हा अडचण आंतरराष्ट्रीय नियमाची नाही. ती प्रत्येक देशाने आणि प्रत्येक तिकीटघराने आपल्या सोयीने घातलेल्या कुंपणाची आहे. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचे एकुलते नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफ. एन. यू.’ ही तीन अक्षरे पडतात. त्यांचा अर्थ, पहिले नाव अज्ञात. ज्या नावाने आई हाक मारते तेच अज्ञात!

सरकारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एकाच नावाची शेकडो माणसे असतात. ज्याला अटकावयाचे तो सुटतो आणि भलत्याच गरिबाला तासन् तास बसवून ठेवले जाते. नावाचे दोन भाग असले की ही चूक कमी होते. शिवाय, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला, हे खरे असले तरी तो हक्क आपल्या दारातून बाहेर पडण्याचा आहे. दुसऱ्याच्या दारात शिरण्याचा नव्हे. घरधन्याने पाहुण्याला नाव विचारावे हे रास्तच. पाहुण्याच्या बापजाद्यांनी ते कसे ठेवावयास हवे होते, हे मात्र त्याने सांगू नये. आणि सांगावयाचेच असेल तर निदान तिकीट काढण्यापूर्वी सांगावे, सामान तोलून झाल्यावर नव्हे.

आता चेहरा पाहून आणि बोटांचे ठसे घेऊन दार उघडणारी यंत्रे आली आहेत. पूर्वनोंदणी केलेल्या भारतीय नागरिकांसाठी अशी दारे तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. चेहऱ्याला आडनाव नसते, तेव्हा ही यंत्रे तंजावरकरांची काळजी मिटवतील असे प्रथमदर्शनी वाटते. पण त्या नोंदणीसाठीही पारपत्र लागते, आणि तिकिटावरचे नाव त्याच्याशी जुळावे लागते. आधारपत्रावर सगळे नाव एका ओळीत, पारपत्रावर दोन रकान्यांत, तिकिटावर आडनावाशिवाय पुढे जाताच येत नाही. तीन कागदांवर तीन तऱ्हा. चेहरा एक असून भागत नाही.

म्हणून आता तंजावरच्या मराठी घरांत मुलाचे नाव ठेवताना बारशाच्याच दिवशी हा प्रश्न पडतो. जन्माच्या दाखल्यावर काय लिहावयाचे? वडिलांचे नाव आडनाव म्हणून दिले तर मुलगा सिंगापुरात आयुष्यभर बापाच्या नावाने ओळखला जाईल. ‘राव’ तोडून लिहावे तर मुलीला ‘बाई’ लिहावे की तिलाही ‘राव’ म्हणावे? आणि महाराष्ट्रातून येताना बरोबर आणलेले मूळ उपनाव ज्यांच्या घरी अजून आठवणीत आहे, त्यांनी ते तीनशे वर्षांनंतर पुन्हा लावावे काय? आजोबांना विचारले तर कुलदैवत सांगतात, गोत्र सांगतात, उपनावाशी थोडे थांबतात. महानगरपालिकेच्या कचेरीत दाखला लिहिणारा तमिळ कारकून तोवर लेखणी उचलून वाट पाहत असतो.