प्राध्यापक शं. पु. आघारकर
(हर्णे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या हर्णे बंदरात मासळीबरोबर जाळ्यात येणारा, अंगास लागताच आग करणारा पारदर्शक जेलिफिश आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला लिलावात किंमत नाही. पण त्याच्याच गोड्या पाण्यातील एका भाऊबंदाने एका तरुण शिक्षकाचे आयुष्य बदलले.

ते शिक्षक म्हणजे प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर. त्यांचा जन्म १८८४ साली मालवणास झाला. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. तत्पूर्वी मालवण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. त्यांची ज्ञात कोणती, हे विचारण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत असता सह्याद्रीतील भ्रमंतीत कृष्णेच्या खोऱ्यात त्यांना नदीच्या पाण्यात जेलिफिश आढळला. त्या वंशाचे प्राणी तोवर केवळ आफ्रिकेतच माहीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे ॲनन्डेल यांनी १९१२ साली त्याचे नामकरण 'लिम्नोक्निडा इंडिका' असे केले. त्या डोहांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे पाणी भरीत होती. थांबून निरखले ते मालवणच्या या माणसाने!

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना बोलाविले. १९१४ मध्ये ते अध्ययनार्थ जर्मनीस गेले, तोच महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते स्थानबद्ध झाले. तरीही १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट मिळवूनच ते परतले. त्यानंतर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यास वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले.

साठी उलटल्यावर माणसे विसावा शोधतात. आघारकर पुण्यास आले आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'ची धुरा त्यांनी १९६० साली देहावसान होईपर्यंत वाहिली. या संस्थेच्या संशोधन केंद्रास १९९२ पासून त्यांचे नाव आहे. गहू आणि सोयाबीनचे तिचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. संस्था ज्या रस्त्यावर आहे त्यास गोपाळ गणेश आगरकरांचे नाव असल्याने अनेकजण दोघांना एकच समजतात, ही गंमत वेगळी.

आपल्या शिष्यवृत्ती निधीतून वैद्यक आणि स्थापत्याकडे जाणाऱ्या मुलांना साहाय्य मिळते; प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्र घेणाऱ्यास मात्र 'पुढे काय करणार?' असे विचारून परत पाठविले जाते. ही अट काढून टाकावी, असा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे मांडीत आहोत. त्यास अनुमोदन देणाराने पुढे यावे.