शाळेतील यंत्र आणि शिक्षकाचा हात

चेन्नईहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ, गुम्मिडिपूंडी नावाचे गाव आहे. भोवताली शेती आणि शेजारी मोठी औद्योगिक वसाहत. सीमेवरच्या अशा गावात कोणी घरी तमिळ बोलतो, कोणी तेलुगू. आणि ही सारी मुले एकाच वर्गात बसतात. शिक्षणातील नव्या साधनांचा विचार करताना असा एखादा वर्ग डोळ्यांपुढे ठेवला, म्हणजे पुष्कळशा मोठ्या शब्दांचे वजन आपोआप कळून येते.

साधनांचा हा प्रश्न आजचा नव्हे. १९३० साली मद्रास महापालिकेने नभोवाणीची सेवा आपल्या हाती घेतली, तेव्हा महापालिकेच्या शाळांतील मुलांसाठी संगीताचे पाठ आणि गोष्टी प्रसारित होत असत. पुढे आकाशवाणीनेही शालेय कार्यक्रमांची परंपरा चालविली. या कार्यक्रमांचे यश निव्वळ वक्त्याच्या आवाजावर कधीच अवलंबून नव्हते. जाणता शिक्षक कार्यक्रमापूर्वी अवघड शब्द फळ्यावर लिहून ठेवी, नकाशा भिंतीवर टांगी आणि कार्यक्रम संपताच मुलांना बोलते करी. जेथे रेडिओ लावून शिक्षक दुसऱ्या कामास निघून जाई, तेथे तोच पाठ मुलांच्या कानांवरून वाहून जाई.

त्यानंतर साधने पालटली. २०११ साली तमिळनाडूत सरकारी व अनुदानित शाळांतील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू झाली. तिचा प्रारंभ झाला तो तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, म्हणजे गुम्मिडिपूंडीच्याच जिल्ह्यात. २०१९ साली त्या राज्याने शिक्षणासाठी स्वतंत्र दूरचित्रवाहिनी काढली. आणि लगेच पुढच्या वर्षी महामारीमुळे शाळांची दारे बंद झाली. यंत्रांची खरी परीक्षा त्या दिवसांत झाली. पाठ आकाशातून येत होते. परंतु घरात एकच मोबाइल असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर धाकट्या मुलीने शिकावे कशावर? तिची शंका तरी कोणी फेडावी?

तमिळनाडूने या प्रश्नाला दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२१ साली तेथे 'इल्लम् तेडि कल्वी' ही योजना निघाली. घर शोधीत आलेले शिक्षण, असा या नावाचा अर्थ. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी स्वयंसेवक वस्तीवस्तीत गेले आणि मुलांना जवळ बसवून शिकवू लागले. लॅपटॉप वाटणाऱ्या आणि वाहिनी काढणाऱ्या राज्यालाही अखेरीस माणूसच पाठवावा लागला. यंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. यंत्राने आणलेला पाठ मुलापर्यंत पोचविणारे कोणीतरी जवळ असावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रातही याची दोन उदाहरणे आहेत. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. शाळकरी मुलांसाठी तिने मराठीत कार्यक्रम निर्माण केले. २०१७ साली ती बंद करण्यात आली. यंत्र एकदा विकत घेता येते, परंतु त्यावर दाखवायचे पाठ निर्माण करणारी संस्था वर्षानुवर्षे पोसावी लागते.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड बसविले. मोबाइलने ती चौकट टिपली, की कविता ऐकू येई, पाठाचे चित्रण दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लक्ष डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. या कथेत यंत्र अगदी साधे आहे. कोणत्या पानावर कोणाचे अडते, हे ओळखणारा शिक्षक मात्र दुर्मीळ आहे.

मग नव्या साधनांना उत्तेजन द्यावयाचे म्हणजे काय करावयाचे? खरेदीची यादी वाढविणे म्हणजे उत्तेजन नव्हे. साधन मोडल्यास भरपाई आपल्या माथी येईल, या धास्तीने मुख्याध्यापक ते कपाटात कुलूपबंद करून ठेवीत असेल, तर प्रथम ती धास्ती दूर केली पाहिजे. मुलांच्या हाती दिलेली वस्तू झिजणारच. न झिजलेली वस्तू ही शाळेच्या दृष्टीने शोभेची नव्हे, काळजीची बाब समजावी. दुसरे, दुरुस्तीची तरतूद खरेदीबरोबरच व्हावी आणि विजेची सोय त्याआधी. तिसरे, शिक्षकाला पाठ तयार करण्यास वेळ मिळावा. माहितीचे तक्ते भरण्यात ज्याचा दिवस सरतो, त्याच्याकडून नव्या पाठाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आणि चौथे, त्याने आपल्या मुलांच्या बोलीत रचलेल्या पाठाला वरून आलेल्या पाठाइतकाच मान मिळावा.

सीमेवरच्या वर्गात तेलुगू बोलणाऱ्या मुलाला तमिळ शब्द अडतो, आपल्याकडे भिल्ली वा गोंडी बोलणाऱ्याला मराठी शब्द अडतो. त्या क्षणी मुलाचा चेहरा वाचून पडद्यावरचे चित्र थांबविणारा हात वर्गात असला पाहिजे. साधनांवर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर त्या हातासाठी आपण काय राखून ठेवले, हे प्रत्येक शाळा समितीने आपल्या पुढच्या बैठकीत विचारावे.