कोरेगावच्या खांबाखाली
(कन्नडच्या बैठकीत केलेलं भाषण)



दर 31 डिसेंबरला कन्नडहून आपली जीप भरते. नगर, शिरूर करत पहाटे भीमेच्या काठी. पहिल्या खेपेला मी 14 वर्षांचा होतो. परत येऊन वर्गात सांगितलं तर गुरुजी म्हणाले, 'तो तर इंग्रजांचा खांब. त्याला कशाला माथा टेकता?' वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही. आज देतो.

खांब इंग्रजांचाच. 1821 साली त्यांनी पाया घातला तो स्वतःच्या तोऱ्यासाठी. विलायतेत ब्लेनहाइमच्या बागेत असाच एक आहे, 134 फूट. वर ड्यूक उभा, खाली त्याच्याच पराक्रमाचं पुराण. मेलेल्या शिपायाचं नाव नाही. कोरेगावच्या दगडावर मात्र पडलेल्या 49 जणांची नावं आहेत, त्यातल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक'. पेशवाईनं ज्यांच्या गळ्यात मडकं बांधलं, त्यांची नावं दगडात!

आता कडू बोलतो. '500 महारांनी 28 हजार कापले' हे आपण टाळ्यांसाठी बोलतो. कंपनीची अख्खी तुकडीच आठशेच्या आसपास, तीत मराठे, राजपूत, मुसलमानही होते. पेशव्याचं सगळं सैन्य काही गावात उतरलं नव्हतं. बाजीराव शरण गेला तो जूनमध्ये. पण रात्रभर शिरूरहून चालत आलेली माणसं 1 जानेवारी 1818 ला दिवसभर उपाशी-तहानलेली लढली, हे पुरत नाही काय? वर खोट्याची फोडणी कशाला?

आणि इंग्रज? काम झालं, 1892 ला महारांची भरतीच बंद! मग शिवराम जानबा कांबळ्यांनी याच खांबापाशी सभा घेतल्या. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं आले. गोऱ्यांच्याच खांबाखालून गोऱ्यांना जाब विचारला गेला. गुरुजी, माथा त्यासाठी टेकतो.

2018 ला, दोनशे वर्षं झाली तेव्हा, आपल्या गाड्यांवर दगड पडले. आमच्या जीपची मागची काच गेली. आजी काचेच्या चुऱ्यात बसून कन्नडपर्यंत आली, हू की चू नाही. घाटनांद्र्याच्या अंगठेबहाद्दर बाईनं उतरताना एवढंच विचारलं, 'त्या बावीस जणांत आपला कुणी व्हता का रं?'

मी म्हणालो, 'कोण सांगणार, आजी?'

'मंग नावं तरी पाठ कर.'

करतोय. सतरा झालीत.

यंदा 31 ला संध्याकाळी जीप एसटी स्टँडासमोरून निघेल. भाकरी ज्याची त्यानं बांधावी.