आम्ही जिंकलों, आम्ही हरलों



ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहराचें नांव आपणांपैकीं बहुतेकांस क्रिकेटमुळें ठाऊक आहे. १८७७ सालीं पहिला कसोटी सामना जेथें झाला, त्या मैदानावर नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सुरू होणाऱ्या सामन्याचें वर्णन ऐकण्यासाठीं भल्या पहांटे उठणारे रसिक आपल्याकडे थोडे नाहींत. परंतु क्रिकेट हा त्या मैदानावरचा केवळ उन्हाळ्यांतला पाहुणा होय. मार्च महिन्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तेथें ज्याचें राज्य असतें त्या खेळास तेथील लोक लाडानें ‘फुटी’ म्हणतात, आणि लाख माणसें बसतील एवढें तें मैदान त्या खेळासाठींच भरून वाहतें. गंमत अशी कीं या खेळाचा जन्म क्रिकेटवाल्यांच्याच पोटीं झाला. टॉम विल्स नांवाच्या नामांकित क्रिकेटपटूनें १८५८ सालीं एका वृत्तपत्रास पत्र लिहून सुचविलें कीं हिवाळ्यांत हातपाय आंखडूं नयेत म्हणून क्रिकेटपटूंनीं एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढल्याच वर्षीं त्यानें व त्याच्या स्नेह्यांनीं नियम लिहून काढले. भारताविरुद्ध १९४७-४८ सालीं खेळलेला कीथ मिलर हा या खेळांतहि सेंट किल्डा क्लबातर्फे उतरत असे, हें आपल्याकडे फारसें कोणास माहीत नसतें.

खेळाचें वर्णन मी थोडक्यांतच आटोपतों, कारण मला सांगावयाचें आहे तें खेळणारांविषयीं कमी व पाहणारांविषयीं अधिक. मैदान लंबगोल, चेंडूहि लंबगोल, प्रत्येक बाजूस अठरा गडी. चेंडू पायानें उडवावा किंवा मुठीनें ठोसून सोबत्याकडे द्यावा. फेंकणें मात्र निषिद्ध. उडत आलेला चेंडू प्रतिपक्ष्याच्या खांद्यावर गुडघा टेकून अधांतरीं झेलणारा गडी पाहिला म्हणजे वानरसेनेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. दोन्ही टोंकांस चार चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून तो बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण पदरीं पडतोच. चुकलेल्या नेमाचीहि अशी कदर करणारा दुसरा खेळ मला आढळलेला नाहीं.

आतां प्रेक्षकांकडे वळूं. सामना दोन-अडीच तासांत संपतो. त्याची चर्चा सहा दिवस पुरते. ट्राममध्यें, कचेरींत, न्हाव्याच्या दुकानांत, कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर ती चालूच असते. या चर्चेचें व्याकरण मोठें मौजेचें आहे. ज्या गृहस्थानें गेल्या वीस वर्षांत चेंडूस पाय लावलेला नाहीं तो खुशाल प्रथमपुरुषीं बोलतो: ‘आम्ही शनिवारीं हरलों’, ‘आम्ही त्याला उगीच सोडला’, ‘पुढल्या आठवड्यांत आम्हांस पर्थला जावयाचें आहे’. जावयाचें असतें खेळाडूंस. हा आपला घरीं बसून राहणार. तरी त्यास हंसूं नये. २०२४ सालीं अठरा क्लबांच्या वर्गणीदार सभासदांची एकूण संख्या तेरा लाखांवर गेली होती. वर्गणी भरणारानें ‘आम्ही’ म्हणावयाचें नाहीं तर कोणीं म्हणावयाचें?

वादाचा पहिला विषय अर्थातच खेळाडू, आणि त्यांतहि सोडून गेलेला खेळाडू. रॉन बरासीचें उदाहरण तेथील म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडीं अद्याप आहे. त्याचा बाप मेलबर्न क्लबाच्या १९४० सालच्या विजयी संघांत होता व पुढल्याच वर्षीं तोब्रूक येथें लढाईंत पडला. मुलगा त्याच क्लबांत वाढला, कप्तान झाला आणि त्यानें सहा अजिंक्यपदें मिळविलीं. त्यांतलें सहावें १९६४ चें. तें वर्ष संपतें न संपतें तोंच हा गृहस्थ कार्लटन या प्रतिस्पर्धी क्लबास जाऊन मिळाला. घरांतला कर्ता मुलगा शेजाऱ्यास दत्तक जावा तसा तो प्रकार झाला. कार्लटननें त्याच्या शिकवणुकीखालीं १९६८ व १९७० सालीं अजिंक्यपद पटकाविलें. त्यांपैकीं १९७० चा अंतिम सामना १,२१,६९६ लोकांनीं पाहिला. इतकी गर्दी या खेळास पूर्वीं वा नंतर कधींहि झालेली नाहीं. इकडे मेलबर्न क्लबास पुढलें अजिंक्यपद मिळावयास सत्तावन्न वर्षें लागलीं. तें २०२१ सालीं मिळालें, आणि २०२३ सालीं वारलेल्या बरासीस तें पाहतां आलें.

बरासीच्या काळीं खेळाडूचें जाणें हा अपवाद होता; आज तो दर ऑक्टोबरचा बाजार झाला आहे. मात्र हा बाजार युरोपांतल्या फुटबॉलसारखा नव्हे. तेथें श्रीमंत क्लब रोख रक्कम मोजून दुसऱ्याचा गडी उचलतो. येथें तशी सोय नाहीं. खेळाडूंच्या वेतनावर क्लबानें किती खर्च करावा यास १९८५ पासून मर्यादा घातलेली आहे, आणि १९८६ पासून नवे तरुण खेळाडू ‘ड्राफ्ट’ नांवाच्या वांटपानें घ्यावे लागतात. जो संघ गुणतक्त्यांत सर्वांत खालीं त्याची निवड सर्वांत आधीं, असा या वांटपाचा सर्वसाधारण नियम. तेव्हां खेळाडूच्या मोबदल्यांत द्यावयाचें काय? एक तर दुसरा खेळाडू, नाहीं तर वांटपांतला आपला क्रमांक. हा क्रमांक म्हणजे एक प्रकारची हुंडीच समजा. आणि ती काढलेली असते कोणावर, तर अद्याप शाळेंत असलेल्या, मिसरूड न फुटलेल्या एखाद्या पोरावर. ती वटेल कीं बुडेल हें चार-पांच वर्षांवांचून कळत नाहीं. म्हणून हा वाद कधींच निकालांत निघत नाहीं.

२०२० सालच्या कॉलिंगवुडची हकीकत पाहा. वेतनाची मर्यादा ओलांडण्याची भीति निर्माण झाल्यानें त्या क्लबानें ॲडम ट्रेलोअरसारखा गुणी खेळाडू वेस्टर्न बुलडॉग्जला देऊन टाकला, आणि वर त्याच्या वेतनाचा कांहीं भाग पुढेंहि आपणच भरावयाचें कबूल केलें. गाय दिली आणि वैरणहि पाठविली! अभिमानी मंडळींचा संताप अनावर झाला. पुढल्या वर्षीं संघ अठरांत सतरावा आला तेव्हां तर कारभाऱ्यांची धडगत दिसेना. आणि २०२३ सालीं तोच क्लब ब्रिस्बेनला चार गुणांनीं हरवून अजिंक्य ठरला! आतां २०२० चा व्यवहार शहाणपणाचा होता कीं आत्मघातकी? तेथील दोन माणसांस विचारा, तीन मतें मिळतील.

कॉलिंगवुडच्या या पुनरुद्धारांत एका जुन्या रूढीचाहि हात आहे. ज्याच्या बापानें एखाद्या क्लबातर्फे शंभर सामने खेळले असतील त्या मुलास तोच क्लब अग्रहक्कानें घेऊं शकतो. पीटर डेकॉस याचे जॉश व निक हे दोघे मुलगे असेच बापाच्या क्लबांत आले. वांटपाच्या समतेंत ही घराणेशाही कां, असा आक्षेप इतर क्लबांचे लोक घेतात, आणि तर्कानें तो बिनतोड आहे. पण स्वतःच्या क्लबाच्या जुन्या खेळाडूस मुलगा झाला कीं हेच लोक त्याच्या बारशाचा हिशेब ठेवतात.

लान्स फ्रँकलिनचें प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे. २०१३ चें अजिंक्यपद मिळवून हा खेळाडू हॉथॉर्न क्लब सोडून सिडनीस गेला. करार नऊ वर्षांचा व एक कोटी डॉलरांचा. २०१४ च्या अंतिम सामन्यांत हॉथॉर्ननें सिडनीचाच ६३ गुणांनीं पराभव केला, आणि २०१५ सालींहि अजिंक्यपद राखलें. सिडनीस मात्र त्याच्या कारकीर्दींत एकहि अजिंक्यपद लाभलें नाहीं. हिशेबनीस म्हणेल, सौदा बुडीत. परंतु २०२२ च्या मार्चमध्यें त्यानें आपला हजारावा गोल केला त्या रात्रीं सिडनीच्या मैदानावर कुंपण ओलांडून हजारों माणसें धांवत आलीं, आणि खेळ बराच वेळ बंद पडला. त्या गर्दींत बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलास एक कोटी डॉलर फार झाले काय, असें कोण विचारणार?

हें प्रेम नेहमींच निर्मळ असतें असें मात्र म्हणवत नाहीं. त्याच सिडनीचा ॲडम गुड्स हा आदिवासी वंशाचा, सर्वोत्तम खेळाडूचें पदक दोनदां मिळविलेला आणि २०१४ सालीं राष्ट्राचा सन्माननीय नागरिक ठरलेला पुरुष. वंशद्वेषाविरुद्ध तो बोलला हा त्याचा अपराध. २०१५ चा सबंध हंगाम प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनीं त्याच्या पायांशीं चेंडू आला कीं हुर्यो करावी, असा क्रम चालविला. तो निवृत्त झाला. २०१९ सालीं खेळाच्या मंडळानें व सर्व अठरा क्लबांनीं त्याची जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागावयास चार वर्षें लागलीं, ही गोष्ट तेथील पुष्कळ विचारी लोकांस अद्याप टोंचते.

वादाचा दुसरा मोठा विषय सामन्यांचें वेळापत्रक. ऐकणारास तो रुक्ष वाटेल, पण त्यांतच साऱ्या अन्यायाचें मूळ आहे अशी प्रत्येक क्लबाच्या माणसाची खात्री असते. क्लब अठरा. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें तर चौतीस सामने होतील, आणि या धसमुसळ्या खेळांत तितके झेपणार नाहींत. म्हणून २०२३ पासून सामने तेवीस ठरले: सतरा संघांशीं एकदां, आणि सहांशीं दुसऱ्यांदा. ते सहा कोणते, यावर सारें भांडण! गेल्या वर्षीं जे वर होते त्यांस तुल्यबळ प्रतिस्पर्धी द्यावे असें धोरण आहे खरें; पण त्याबरोबर गर्दी खेंचणाऱ्या जुन्या वैरांचीहि सोय पाहिली जाते. पर्थचे दोन क्लब परस्परांशीं दोनदां खेळणार, ॲडलेडचेहि तसेच. एप्रिलच्या २५ तारखेस, म्हणजे युद्धांत पडलेल्यांच्या स्मृतिदिनीं, १९९५ पासून एसेंडन व कॉलिंगवुड यांचाच सामना होतो. तो पहिला सामना १११-१११ असा बरोबरींत सुटला आणि तो दिवस जणूं त्या दोघांस इनामच मिळाला. इतर क्लबांचे लोक म्हणतात, हुतात्मे काय या दोघांचेच होते? मला त्यांचें म्हणणें पटतें. पर्थवाल्यांची तक्रार याहून जुनी. तीं माणसें दर पंधरवड्यास सुमारें २,७०० किलोमीटर उडून जावयाचीं, आणि अंतिम सामना करारानें मेलबर्नलाच व्हावयाचा. वेस्ट कोस्ट क्लबानें २०१८ सालीं त्याच मैदानावर कॉलिंगवुडला पांच गुणांनीं हरविलें. त्या विजयाची गोडी या तक्रारीमुळें दुणावली असली पाहिजे.

परंतु खेळाडू गेला, वेळापत्रक वांकडें आलें, तरी क्लब असतो. क्लबच नाहींसा व्हावयाची वेळ येते तेव्हां ‘आम्ही’ या शब्दाची खरी परीक्षा होते. १९८९ च्या ऑक्टोबरांत फुट्स्क्रे व फिट्झरॉय या दोन गरीब क्लबांचें एकीकरण जाहीर झालें. फुट्स्क्रे ही गोदी-कारखान्यांतील कामकऱ्यांची वस्ती. एका सभासद बाईनें न्यायालयांत धांव घेतली व तेथून कांहीं आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्या अवधींत लोकांनीं डबे घेऊन दारोदार फिरून दहा लाखांहून अधिक डॉलर जमविले आणि क्लब वांचविला. त्याच क्लबानें, वेस्टर्न बुलडॉग्ज या नव्या नांवानें, २०१६ सालीं बासष्ट वर्षांनंतरचें अजिंक्यपद मिळविलें. दुखापतीमुळें अंतिम सामन्यास मुकलेल्या कप्तानास शिक्षकानें व्यासपीठावर बोलावून स्वतःचें पदक त्याच्या गळ्यांत घातलें. १९८९ सालीं डबा घेऊन फिरलेले किती तरी लोक त्या दिवशीं प्रेक्षकांत असतील.

फिट्झरॉयचें दैव तसें नव्हतें. आठ अजिंक्यपदांचा धनी, १८९७ सालच्या पहिल्या आठ क्लबांतला एक. पण कर्जाखालीं पार दबलेला. नाऊरू या चिमुकल्या बेटाची विमा कंपनी त्याची मोठी सावकार होती. तिनें १९९६ सालीं कर्जासाठीं तगादा लावला तेव्हां कारभार परक्या हातीं गेला. शेजारच्या नॉर्थ मेलबर्नशीं एकीकरणाची बोलणी चालली होती. पण ती जोडी फार बलाढ्य होईल अशी धास्ती इतरांस वाटली आणि फिट्झरॉयची गांठ सुमारें १,४०० किलोमीटरवरील ब्रिस्बेनशीं बांधण्यांत आली. मेलबर्नमधील शेवटचा सामना २५ ऑगस्टला झाला. त्यांत फिट्झरॉय १५१ गुणांनीं हरला. सामना संपल्यावर लोकांनीं मैदानांत उतरून खेळाडूंभोंवतीं गर्दी केली. एक सप्टेंबरला पर्थ येथें अखेरचा सामना झाला, आणि ‘आम्ही’ म्हणावयास कांहीं उरलें नाहीं.

पुढें काय झालें? कोणी नव्या ब्रिस्बेन लायन्सचे झाले. कोणी दुसरा क्लब धरला. कोणी तो खेळ पाहणेंच सोडलें. ब्रिस्बेननें फिट्झरॉयचा सिंह आपल्या जर्सीवर ठेवला, आणि फ्रेंच राष्ट्रगीताच्या चालीवरचें तें जुनें क्लबगीतहि शब्द बदलून चालू ठेवलें. २००१, २००२, २००३, आणि मग २०२४ व २०२५, अशीं पांच अजिंक्यपदें त्या क्लबानें जिंकलीं, आणि पांचहि वेळां ती चाल मेलबर्नच्या मैदानावर घुमली. हे विजय फिट्झरॉयचे धरावयाचे कीं नाहीं, यावर जुन्या मंडळींचें अद्याप एकमत नाहीं. एकाच घरांत भाऊ धरतो व बहीण धरीत नाहीं असेंहि असावयाचें. दरम्यान २००९ पासून फिट्झरॉय या नांवानें एक संघ हौशी खेळाडूंच्या स्पर्धेंत पुन्हां उतरूं लागला. त्याचे सामने ब्रन्स्विक स्ट्रीटवरील त्याच जुन्या मैदानावर होतात. तेथें कोट्यवधींचे करार नाहींत, ड्राफ्टचे क्रमांक नाहींत. शनिवारीं दुपारीं कुंपणाशीं थोडकीं माणसें उभीं असतात, आणि पंचाचा निर्णय साफ चुकला असें एकमेकांस पटवून देत असतात.