व्हिसा कुणाला लागतो?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. जसं बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



पोरांनी मला विषय दिलाय : परदेशात राहणाऱ्या, तिथं नोकरी करणाऱ्या विद्वानांनी आपला मुलूख कसा पाहिला. वर म्हणाले, तू नुकताच सातारा-सांगलीकडून फिरून आलायस, तूच बोल. मी म्हटलं, बाबांनो, माझ्याकडं पासपोर्ट नाही. दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. तिथून सरळ गोदीत. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला बोलावता, पण कवितेनं पोट भरत नाही, बोजानं भरतं. तरी बोलतो. चुकलो तर मधेच अडवा.

गोदीत रोज एक गंमत दिसते. जहाज लागलेलं असतं. वर कठड्याला टेकून एखादा खलाशी उभा असतो. त्यानं अर्धं जग पाहिलेलं असतं, पण कागद नसला तर त्याला खाली उतरता येत नाही. मी खाली उभा. मला कंत्राटदाराचा गेटपास नसला तर आत येता येत नाही. तो वरून माझ्याकडं बघतो, मी खालून त्याच्याकडं बघतो. दोघांच्या मधे एक कागद. तेव्हा मला वाटायचं, व्हिसा म्हणजे हेच. देश बदलला की लागतो तो.

मग बाबासाहेबांचं ते छोटं पुस्तक हातात आलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. बाबासाहेब गेल्यावर चौतीस वर्षांनी, १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते छापलं. आज ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले तिथली पोरं ते अभ्यासाला वाचतात. मी आधी शेवटापर्यंत पानं उलटली, व्हिसाची गोष्ट कुठं येते ते बघायला. ती येतच नाही. त्यात आहे मसूर स्टेशन, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद. सगळा आपलाच देश. आपल्याच देशात थांबून राहिलेला माणूस. परदेशी लोकांना अस्पृश्यता ऐकून माहीत असते, पण ती कशी लागते ते कळत नाही, म्हणून बाबासाहेबांनी स्वतःवर आलेले प्रसंग सांगितले. न्यूयॉर्क-लंडन पाहिलेल्या प्राध्यापकानं परदेशी वाचकाला आपला मुलूख दाखवला तो असा. यात ना ताजमहाल, ना महाबळेश्वरचा पॉईंट.

पहिला प्रवास सातारा जिल्ह्यातला. साल १९०१. आई साताऱ्यातच वारलेली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात माणसं मरत होती, म्हणून सरकारनं तिथं तलावाचं काम काढलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत या, असं वडिलांचं पत्र आलं. निघाली चार पोरं : भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि मेलेल्या बहिणीची दोन मुलं. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. पोरं मसूरला उतरली तेव्हा संध्याकाळचे पाच. न्यायला कुणीच नाही. त्यांनी पाठवलेलं पत्र शिपायाकडं पोचलं होतं, पण शिपाई ते वडिलांना द्यायला विसरला होता.

स्टेशनमास्तरनं चौकशी केली. कपडे बघून त्याला वाटलं, बामणाची पोरं. पोरांनी खरं सांगितलं, आम्ही महार. त्याचा चेहरा उतरला आणि तो मागं सरकला. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी वाट निघाली ती अशी : गाडी पोरांनी हाकायची, गाडीवानानं बाजूनं चालायचं. गाडीवानाला भाडं दुप्पट मिळणार आणि विटाळ होणार नाही, हा हिशेब. बरोबर भाकरीचा डबा होता, पण पाणी नव्हतं. वाटेत मिळालं ते चिखलाचं, जनावरांच्या शेणामुताचं. मध्यरात्री टोलनाक्याच्या झोपडीशी आले तेव्हा गाडीवान म्हणाला, मुसलमान आहोत म्हणून सांगा. त्या पोरानं उर्दूत पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. रात्र उपाशीतापाशी गाडीत काढली.

आता माझं सांगतो. दोन दिवसांची मजुरी बुडवून मी गेलो. आधी सातारा. राजवाड्यातल्या ज्या शाळेत भीमरावांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, ती बाहेरून पाहिली. हा दिवस २०१७ पासून सरकार विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. मग पॅसेंजर धरली आणि मसूरला उतरलो. छोटं स्टेशन. चार माणसं उतरली, तीन निघून गेली, मी उरलो. बाकड्यावर बसलो. मला वाटलं होतं अंगावर काटा येईल, कविता सुचेल. काही सुचलं नाही. ऊन होतं. तहान लागली. नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यालो, कुणी ढुंकून बघितलं नाही. मनात म्हटलं, चला, एवढं तरी आपण मिळवलं. हे छोटं नाही. त्यासाठी महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर जावं लागलं, डोकी फोडून घ्यावी लागली.

मग बाहेर आलो आणि खटावकडं जाणारं वडाप धरलं. मुंबईच्या पोरांना वडाप म्हणजे काय ते माहीत नसेल. जीप असते, आठाच्या जागी चौदा बसवतात. गुडघ्याला गुडघा लागलेला. गाडीवानाची बाजूनं चालायची सोय त्यात नाही, कंडक्टरच बाहेर लटकतो. शेजारी एक पटकेवाले म्हातारबा. चांगला माणूस. त्यांनी मला सरकून जागा दिली, शेंगा दिल्या. आणि विचारलं, ‘‘पाव्हणं कुठलं?’’ म्हटलं, मुंबईचा. ‘‘तसं न्हाई. मूळ गाव?’’ गाव सांगितलं. ‘‘आडनाव काय म्हनायचं?’’

दोस्तांनो, मी स्टेजवर कसा ओरडतो ते तुम्ही ऐकलंय. त्या जीपमधे माझ्या घशातून आवाज फुटला नाही. मी म्हटलं, गोदीत कामाला आहे. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला कळलं. पुढं तो काही वाईट बोलला नाही. शेंगाही परत घेतल्या नाहीत. फक्त बोलायचा थांबला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

१९०१ साली मसूर स्टेशनवर एक पोरगं खरं बोललं होतं. टोलनाक्यावर गाडीवानानं त्याला खोटं शिकवलं. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी घरूनच शिकून आलो होतो. हे कबूल करायला मी इथं उभा राहिलोय. पाणी मिळालं, पण आडनावाचा व्हिसा अजून लागतो, आणि तो मागणारा दर वेळी शिव्या देणारा नसतो. शेंगा देणारापण असतो.

बाबासाहेबांनाही हे दुसऱ्यांदा शिकावं लागलं. १९१३ ते १९१७ अमेरिका, इंग्लंड. तिकडच्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हेच ते विसरून गेले होते. बडोद्याच्या स्टेशनवर उतरले आणि प्रश्न पडला, जायचं कुठं? पारशी असल्याचं नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी पारशी लोक काठ्या घेऊन दारात उभे. ज्याला न्यूयॉर्कनं आत घेतलं त्याला बडोद्यानं बाहेर काढलं.

आता दुसऱ्या बाजूनं आलेल्या बाईची गोष्ट. गेल ऑम्व्हेट. १९४१ ला अमेरिकेत मिनियापोलिसला जन्मलेली. ब्राह्मणेतर चळवळीवर, म्हणजे जोतिबांच्या सत्यशोधकांवर प्रबंध करायला महाराष्ट्रात आली. १९७३ साली बर्कले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. इथपर्यंत ठीक. असे पुष्कळ येतात. झोळी, वही, टेपरेकॉर्डर घेऊन येतात, आपलं दुःख किलोनं नेतात, तिकडं प्रोफेसर होतात. तिलाही होता आलं असतं. पण ती परत फिरली आणि राहिली. भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ साली इथलं नागरिकत्व घेतलं आणि सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात कासेगावला घर केलं. सासू इंदुताई पाटणकर, बेचाळीसच्या प्रतिसरकारात लढलेली बाई. २५ ऑगस्ट २०२१ ला गेल तिथंच गेली. पाहुणी म्हणून आली ती गावची माती झाली. सत्यशोधकांवर, दलित चळवळीवर, बायकांच्या लढ्यावर तिनं लिहिलेलं वाचून भांडा जरूर, मीही दोन-तीन जागी भांडतो. पण हे तिनं खिडकीतून बघून लिहिलं नाही, मोर्चात चालून लिहिलं.

कासेगाव हायवेवरच आहे. दोन्ही बाजूला ऊस. आणि जवळच वाटेगाव, अण्णाभाऊंचं. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, मांगवाड्यात. शाळा दीड दिवसाची. पोरवयात बापाबरोबर चालत मुंबईला आले. आणि १९६१ साली हाच माणूस रशियाला गेला, परत येऊन प्रवासवर्णन लिहिलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. मी वाटेगावच्या रस्त्यावर उभा राहून विचार करत होतो : एका गावातून पोरगं भाकरीसाठी पायी निघतं आणि मॉस्को बघून येतं. शेजारच्या गावात अमेरिकेची बाई येते आणि राहते. दोघांचं प्रवासवर्णन आपल्याकडं आहे. मग आपलं कुठंय? आपण फक्त दुसऱ्याच्या वहीतलेच राहणार काय?

कारण गेल्या वर्षी आमच्याकडंही एक प्राध्यापक आले होते. मराठीच, पण राहायला परदेशात. वाईट माणूस नाही. चहा पाजला, हात मिळवला. तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं माझी जात विचारली, आणि ‘‘ओझं उचलताना तुम्हाला काय वाटतं?’’ म्हणून पाच वेळा विचारलं. म्हटलं, साहेब, ओझं उचलताना ओझंच वाटतं. ते त्यांनी लिहून घेतलं. लेख पाठवतो म्हणाले. अजून वाट बघतोय.

मला राग होता त्यांचा. तो उतरला आत्याच्या दारात.

माझी आत्या सांगली जिल्ह्यातच, दुष्काळी पट्ट्यात, खानापूरच्या बाजूला. दहा वर्षांनी गेलो. ओसरीवर बसलो, खिशातून वही काढली आणि विचारायला लागलो : आत्या, पाणी कुठनं आणायचात? विहिरीवर कोण चढू द्यायचं? बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तुला काय वाटायचं? आत्यानं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, ‘‘लिवून घेतोस व्हय रं? घे. पर एक सांग, परत येनार हाईस का न्हाईस?’’

मला उत्तर आलं नाही. त्या प्राध्यापकात आणि माझ्यात फरक काय राहिला? ते विमानानं आले, मी पॅसेंजरनं.

तिनंच मग बळीराजा धरणाचं सांगितलं. ऐंशीच्या दशकात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्षच्या चळवळीतून छोटं धरण बांधलं. नदीतली वाळू बाहेरचे ठेकेदार नेत होते. लोक म्हणाले, वाळू आमची, तिच्या पैशातून बांध आमचा. आणि त्यांनी तत्त्व ठरवलं ते ऐका : जमीन असो नसो, प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा. भूमिहीनालासुद्धा. गेल आणि भारत पाटणकर या लढ्यात होते. १९०१ साली हा मुलूख एकच सातारा जिल्हा होता. सांगली नावाचा जिल्हा १९६० साली झाला. म्हणजे ज्या जिल्ह्यात एका पोराला घोटभर पाणी मिळालं नाही, त्याच जुन्या जिल्ह्यात लोकांनी पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवला. सगळं जिंकलं असं मी म्हणत नाही. आत्याच्या दारात अजून टँकरची वाट बघतात. पण ‘तुझी जमीन किती, तुझं आडनाव काय’ हे न विचारता पाणी वाटता येतं, हे तिथं माणसांनी ठरवून दाखवलं. हे प्रवासवर्णनात यायला पाहिजे. स्टेशनचं दुःख येतं तसं हेही यायला पाहिजे.

तर परदेशी विद्वानाला हाकलून द्या असं मी सांगणार नाही. त्याला चहा द्या, पण त्याला विचारा, परत येणार का? लेख कुणाला वाचून दाखवणार? आणि हाच प्रश्न आपल्यालाही. आपण मुंबईची पोरं गावाला जातो ती जयंतीला, गॉगल लावून, एका रात्रीपुरती. आपण आपल्याच वाड्यातले परदेशी झालोय.

माझी सूचना एवढीच. येत्या ७ नोव्हेंबरला आपण दहा जण मसूरला जाऊ. स्टेशनवर बसून ते पुस्तक मोठ्यानं वाचू. मग वडापात बसू, आणि आडनाव विचारलं की सांगू. ओरडून नाही, साध्या आवाजात. शेंगा दिल्या तर घेऊ, आपल्याकडच्याही देऊ. तिथून आत्याकडं जाऊ. वही नेऊ, पण आधी तिच्या घागरी भरू.

दोन दिवसांची मजुरी बुडेल. ज्याला परवडत नसेल त्यानं हात वर करावा, बाकीचे वर्गणी काढू. मी पहिलं नाव माझं लिहितो, आडनावासकट.

जयभीम.