प्राणवायूची चाहूल

उंच पर्वतावर राहिल्यानें रक्तांतील तांबड्या पेशी वाढतात, हें व्हियो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९० सालीं पेरू देशांतील निरीक्षणांवरून दाखविलें. पण प्राणवायु उणा पडला, हें शरीराला कळतें कसें?

पेशींत ‘हिफ’ नांवाचें प्रथिन अखंड तयार होत असतें. प्राणवायु पुरेसा असला, कीं त्याच्याच साहाय्यानें त्यावर खूण उमटते आणि पेशी तें मोडून टाकते. प्राणवायु घटला, कीं प्रथिन तगतें. मग मूत्रपिंड अस्थिमज्जेस तांबड्या पेशी वाढविण्याचा निरोप धाडतें. या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मात्र कर्करोगाची गांठही याच प्रथिनाच्या बळावर नव्या रक्तवाहिन्या वाढविते. म्हणून मूत्रपिंड दुबळें झालेल्या पांडुरोग्यास ही यंत्रणा जागविणारें औषध हवें, तर कांहीं कर्करोग्यांस ती निजविणारें. अशीं दोन्ही औषधें आज उपलब्ध आहेत.