पाण्यातला प्रतिध्वनी वाचताना



आम्हा पडेगावकरांना पैठणचा नाथसागर, म्हणजे गोदावरीवरचा जायकवाडी जलाशय, तास-दीड तासाच्या वाटेवर. तिथे गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना आता पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणाऱ्या लाइव्ह सोनारचं आकर्षण वाटू लागलंय. यंत्र महागडं आहे. पण पैसे मोजले की ते येतं असं नाही, ते शिकावं लागतं.

तंत्र तसं जुनं. पाण्यात आवाज सोडायचा आणि परतलेला प्रतिध्वनी टिपायचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ यांनी पाणबुड्यांसाठी ते विकसित केलं, १९४८ साली जपानच्या फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र विक्रीला आणलं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून तो ठळक परततो. म्हणूनच गोदावरीच्या गढूळ पाण्यातही मासा दिसतो.

साध्या यंत्रात पडद्याच्या उजव्या कडेला आत्ताचं दिसतं, बाकीचं सरून गेलेलं असतं. २०१८ साली आलेल्या गार्मिनच्या लाइव्हस्कोपसारख्या यंत्रात मात्र सगळं चित्र आत्ताचं. मासा वळला की वळताना दिसतो.

शिकणाऱ्याने सुरुवातीला मासा शोधूच नये. नाव स्थिर करावी, दोरीला शिसं बांधून यंत्रासमोर सोडावं आणि पडद्यावर तेवढंच ओळखावं. ध्वनीचा झोत आडवा अगदी अरुंद असतो, बॅटरीच्या उजेडासारखा. शिसं जरा बाजूला गेलं की पडद्यावरून नाहीसं. ते पुन्हा झोतात धरता आलं, म्हणजे निम्मी विद्या आली. मग संवेदनशीलता कमी-जास्त करून पाहावी. फार वाढवली तर बुडबुडे आणि तरंगता गाळही मासे वाटतात, फार उतरवली तर बारीक मासा हरवतो.

त्यानंतर तळ. नाथसागराखाली गावं आणि शिवारं गेली आहेत. बांध कुठला, खुंट कुठला, हे कळलं की त्यांच्या आडोशाला हलणारं काय, हेही कळतं. इथे माशांची जुनी माहिती कामी येते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. भोई बांधवांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय पडद्यावरचे ठिपके मुकेच राहतील, असं माझं ठाम मत आहे.

आणि दिसलेला प्रत्येक मासा गळाला लागत नाही. तो आमिषापाशी येतो, थबकतो, निघून जातो. ते पाहून आमिषाची खोली आणि वेग बदलायचा. मला तर यंत्राचा खरा उपयोग हाच वाटतो.

आता एक विनंती. जायकवाडीचा मृतसाठा सुमारे २६ टीएमसी. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली जातं आणि मासे उरलेल्या डोहांत दाटतात. पावसाच्या तोंडावर माद्यांच्या पोटात अंडी असतात. या दिवसांत सोनार लावून मासे काढणं मला मुळीच मान्य नाही, तेव्हा यंत्र घरी ठेवा. शिवाय नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी नक्की करा.